वारा जेवायला थांबला

खिरवडीला वारा रोज दुपारच्या एस.टी.नं येतो. खिंडीच्या थांब्यावर उतरतो, धोतराचा सोगा सारखा करतो, पिशवी काखेत मारतो आणि पायवाटेनं खाली गावात येतो. तो येईपर्यंत गावात पान हलत नाही. दोरीवरची लुगडी खिळे मारून बसवल्यासारखी राहतात, चुलीचा धूर घरातच घुटमळतो आणि देवळावरचं निशाण काठीला चिकटून झोप काढतं. खिरवडीकरांना यात काही नवल वाटत नाही. एस.टी. चुकली तर त्या दिवशी वारा नाही, एवढंच.

त्या दिवशी खिंडीत आधीच विष येऊन बसलं होतं. पिंपं आणणाऱ्या माणसांनी झाकणं उघडली, स्वतःच्या घड्या घातल्या आणि एकमेकांच्या खिशात बसून ती निघून गेली. शेवटची घडी कुणाच्या खिशात गेली हे कुणी विचारू नये. विष मात्र पिंपांतून शेळ्यांसारखं बाहेर आलं. पिवळसर, दाट, अंगाला अंग लावून ते खिंडभर बसलं. बसल्या जागी ते कुणाच्या केसालाही धक्का लावत नव्हतं, कारण विषाला आपणहून चालता येत नाही. ते वाऱ्याची वाट बघत होतं. वारा थांब्यावर उतरणार, पायवाटेला लागणार आणि हा अख्खा कळप त्याच्या मागोमाग गावात शिरणार, हे शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं.

आणि गावात नेमकं वैजूचं लग्न होतं. गोरज मुहूर्तावर, म्हणजे दिवस बुडता बुडता गुरं घरी परततात त्या वेळेला अक्षता पडायच्या होत्या. त्याआधी पंगती उठायच्या होत्या. सगळं गाव आणि वऱ्हाड मिळून एकाच मांडवात बसणार होतं.

नवरीचा थोरला भाऊ हवालदार हणमंत भोईटे हा पॅरा कमांडो. गावात त्याला मेजर म्हणत. तसं गावात फौजेत गेलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, पण हणमंताला जरा जास्त जोरात म्हणत. बहिणीच्या लग्नासाठी त्यानं रजा मागितली होती, ती नामंजूर झाली. दुसऱ्या दिवशी कर्नलसाहेबांनी बोलावून सांगितलं, "लग्नालाच चाललायस. फक्त विमानातून."

सकाळी सगळ्या पथकानं खिरवडीच्या माळावर उड्या मारल्या. छत्र्या उघडल्या आणि तिथंच राहिल्या. वाराच नाही म्हटल्यावर त्यांना खाली आणणार कोण? सगळे जवान वाळत घातल्यासारखे आभाळात लटकले. हणमंतानं थोडा वेळ वाट पाहिली, मग चाकूनं दोऱ्या कापल्या आणि खालच्या कडब्याच्या गंजीत पडला. बाकीच्यांच्या खाली गंजी नव्हती.

"हणमंता," वरून लान्सनाईक गुरव ओरडला, "आमचं काय?"

"वारा आला की उतराल."

"वारा आला की सगळेच मरू की रे!"

ते खरंच होतं. हणमंतानं वायरलेस कानाला लावला. आत कर्नलसाहेब चहा पीत होते.

"साहेब, वाऱ्यावर गोळी चालते का?"

"चालते. एकाचे दोन वारे होतात."

"मग?"

"त्याला खिंडीत उतरू द्यायचं नाही. दिवस बुडेपर्यंत कुठंतरी बसवून ठेव. दिवस बुडाला की विष गोठतं. मग आपली माणसं येऊन फावड्यानं भरून नेतील."

"बसवून कसा ठेवू?"

"जेवू घाल. पोट जड झालं की वारा उठत नाही. पण एक लक्षात ठेव. त्याला तृप्त होऊ द्यायचं नाही. तृप्त झाला की तो ढेकर देतो, आणि ढेकर देण्याआधी एक श्वास आत ओढतो. त्या श्वासाबरोबर पाच कोसांवरचं सगळं त्याच्याकडे येतं."

कर्नलसाहेबांनी बशी खाली ठेवली आणि वायरलेस बंद झाला.

खिंडीच्या अलीकडचा थांबा म्हणजे आंबेफाटा. एस.टी. तिथं गाठली तरच काही होण्यासारखं होतं. हणमंत जीव खाऊन पळत सुटला. पळता पळता त्यानं रस्त्याकडेच्या दगडावर नजर टाकली, तर आंबेफाटा मघापेक्षा लांब गेला होता. पुढच्या दगडावर आणखी लांब. तो जितका जोर लावी तितका रस्ता ताणला जाई. खिरवडीचा रस्ता घाईच्या माणसाला असाच छळतो. लहानपणी शाळेला उशीर झाला की हेच व्हायचं, ते त्याला आठवलं आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

मग तो एका दगडावर बसला. खिशातून तंबाखू काढली, हातावर घेतली, चुना लावला आणि मळत बसला. छातीत ढोल वाजत होता. तोंडानं मात्र तो शीळ घालत होता. रस्ता थोडा सैल पडला.

"अरे पळ की गाढवा!" वरून सगळे एकदम ओरडले. रस्ता लगेच ताणला.

"गप बसा रे!" हणमंत म्हणाला. "तुमच्या ओरडण्यानं फाटा लांब जातोय."

वरचे गप झाले. हणमंतानं तंबाखूची चिमूट दाढेला धरली, हात पाठीमागे बांधले आणि आपलीच ज्वारी बघायला निघालेल्या माणसासारखा रमतगमत निघाला. एका बाभळीशी थांबून त्यानं तिच्या शेंगांची चौकशीही केली. दर पावलाला त्याचा जीव कासावीस होत होता आणि दर पावलाला आंबेफाटा आपणहून जवळ येत होता. घाटाखालून एस.टी.चा आवाज आला. हणमंतानं जांभई दिली. फाटा थेट त्याच्या पायाशी येऊन थांबला आणि एस.टी.ही थांबली.

"चढा मेजर, आत सरका," कंडक्टर शेंडगे म्हणाला. "लग्नाला का?"

"लग्नालाच."

वारा आमदारांसाठी राखीव असलेल्या जागेवर खिडकीशी बसला होता. त्या जागेवर कधी आमदार बसलेला कुणी पाहिला नव्हता, वारा मात्र रोज बसत असे. वाळका म्हातारा, पांढऱ्या मिशा, स्वच्छ धोतर. गाडीत वाऱ्याचा लवलेश नव्हता, तरी त्याचा सदरा आतून फुगत होता आणि बसत होता. हणमंत त्याच्या शेजारी टेकला.

"पाव्हणं, कुठवर?"

"खिंडीत उतरतो."

"आज नका उतरू. तिथं विष बसलंय."

"असंल," वारा म्हणाला. "मी मागं वळून बघत न्हाई. फुलं आली तर फुलं, धूळ आली तर धूळ. माझी वाट रोजची हाय, ती मी मोडत न्हाई."

"गावात माझी माणसं हायती."

"सगळ्याच गावात कुणाची तरी असत्यात."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता की माया नव्हती. गाडी घाट चढत होती. शेंडगे घंटीच्या दोरीकडे हात नेत होता. पिस्तूल कमरेला होतं, चाकू पोटरीला होता, आणि दोन्हींचा आज पैशाचा उपयोग नव्हता. छातीशी हात गेला तेव्हा वरच्या खिशात काहीतरी टोचलं. वैजूच्या लग्नपत्रिकेबरोबर आईनं पलटणीच्या पत्त्यावर कुंकवाच्या चार अक्षता पाठवल्या होत्या. त्या त्यानं खिशातच ठेवल्या होत्या.

त्यानं त्या काढल्या आणि वाऱ्याच्या तळहातावर ठेवल्या.

"भनीचं लगीन हाय. सहकुटुंब यायचं. जेवल्याबिगर जायचं न्हाई."

वाऱ्यानं तळहाताकडे पाहिलं. त्याचा सदरा फुगायचा थांबला.

"मला," तो म्हणाला, "आजवर कुणी बोलावलं न्हाई. मी आलो की दारं लावत्यात."

हणमंताला त्याची एकदम दया आली. इतक्या गडबडीत दया यावी याचं त्याला नवलही वाटलं. पण आली ती आली.

"नाव काय म्हणालास?" वाऱ्यानं विचारलं.

"हणमंत."

"मग घरचाच की," वारा म्हणाला आणि त्यानं अक्षता मुठीत घट्ट धरल्या. अक्षता दिल्या म्हणजे जावं लागतं. ते त्यालाही चुकलं नाही.

"शेंडगे, खिंडीत थांबू नका! काचा लावा सगळ्यांनी!"

शेंडगेनं दोनदा घंटी मारली. ड्रायव्हरनं गाडी दामटली. माणसांनी धडाधड काचा ओढल्या. आयांनी पोरांची नाकं धरली, एका बाईनं टोपलीतल्या कोंबडीची चोच धरली. खिंड आली आणि गाडीच्या दोन्ही बाजूंनी विष उभं राहिलं. काचांना पिवळी तोंडं लागली. आत वारा बसलेला त्यांना दिसत होता. ती काचा चाटत होती, गाडीबरोबर थोडी सरकत होती आणि पुन्हा थांबत होती, कारण वारा आत होता आणि बसलेला होता.

एस.टी.ची एक तरी काच लागत नाही, हे सांगायला नको. मागच्या खिडकीची काच अर्ध्यावर अडकली होती. हणमंतानं झेप घेतली आणि डावा खांदा त्या फटीत कोंबला. बाहेरून त्याच्या दंडाला काहीतरी मऊ लागलं. दुखलं नाही. खिंड संपल्यावर त्यानं हात आत घेतला तेव्हा तो खांद्यापासून बोटांपर्यंत पांढराफटक झाला होता. दंडावर गोंदलेलं नाव पुसलं गेलं होतं. बोटं हलत होती, पण कशाला हात लावला तरी कळत नव्हतं.

"जेवाय काय काय हाय?" पुढून वाऱ्यानं विचारलं.

ड्रायव्हरनं गाडी थेट शाळेच्या पटांगणात मांडवाला लावली आणि वाऱ्याला बसल्या बसल्याच उचलून आत नेलं. मांडवाचं तोंड खिंडीकडे होतं. माणसं घामानं निथळत होती. वारा येऊन बसला तरी काही फरक पडला नाही, कारण तो बसला होता. त्याला मानाचा पाट दिला, पुढं रांगोळी काढली. हणमंतानं आचारी महादूच्या कानात सगळं सांगितलं. महादूनं वाढप्यांच्या कानात सांगितलं. पंगतीत एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगितलं. प्रत्येकाचा चेहरा क्षणभर पांढरा पडे आणि मग तो माणूस बाह्या सरसावून उभा राही.

"जिलबी, भात, बुंदी, काय वाट्टंल ते वाढा," हणमंत म्हणाला. "फकस्त मठ्ठा न्हाई. मठ्ठा प्यालं की जेवण संपतं, आणि जेवण संपलं की ढेकर येतो."

"कळलं मेजर," महादू म्हणाला.

आता खिरवडीचा आग्रह म्हणजे सगळ्या तालुक्यात बदनाम. इथले जावई सणाला यायचं म्हटलं की आजारी पडतात. पानावर आडवे हात धरले तर बोटांच्या फटीतून वाढणारी ही माणसं. त्यांना कुणी लढाई शिकवायची गरज नव्हती.

"एक जिलबी, पाव्हणं."

"बास."

"बास कसलं? वैजूच्या नावानं एक."

वाऱ्यानं जिलबी खाल्ली आणि सूर्य केसभर खाली सरकला. सगळ्यांनी ते पाहिलं. पंगतीतून दबका हुंकार उठला. दुसरी जिलबी, सूर्य आणखी केसभर. वाऱ्यानं पानावर हात धरले की सूर्यही जागच्या जागी थबके, मग चारही बाजूंनी माणसं धावत.

"नवऱ्या मुलाच्या नावानं!"

"आमच्या गावाला पहिल्यांदा आलाय, असं कसं?"

"रोज येतो की," वारा म्हणाला.

"पर जेवाय न्हवं!"

वाऱ्याला हसू आलं. त्यानं खाल्लं. परिटाच्या तानीबाईनं बुंदी वाढली, सरपंचांनी स्वतःच्या हातानं घास भरवला, वराच्या मामांनी तर पाटापुढं मांडी घालून, तुम्ही खाल्लं नाहीत तर मी उठणार नाही, असं बजावलं. वारा जड होत गेला. पाट जमिनीत रुतला, मग वाऱ्याच्या मांड्या रुतल्या. त्याचा सदरा पोटाशी ताणून घट्ट बसला. सूर्य खिंडीच्या कड्यावर टेकला. हणमंत एका हातानं जिलबीचं ताट घेऊन पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता आणि त्याला आवरता आवरेना इतका आनंद होत होता. छातीवर पदक लावलं तेव्हाही त्याला असं झालं नव्हतं. आपलं हे खादाड, हट्टी गाव आज जिंकणार, असं त्याला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले.

सूर्य अर्धा राहिला. भटजी मांडवाच्या दाराशी उभे राहून मुहूर्त बघत होते.

हणमंताची आई हौसाबाई एवढा वेळ आत होती. नवरी गौरीहराजवळ बसली होती आणि आई तिच्याजवळ. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पाहुण्याला काय वाढावं हे हौसाबाईला सांगायला जाणार कोण? ती पदर खोचून बाहेर आली. मानाच्या पाटावर एक म्हातारा पोटावर हात ठेवून अवघडून बसलेला तिनं पाहिला. त्याच्या पानाशी वाटी रिकामी होती. हौसाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं लग्न, आणि पाहुण्याला मठ्ठा नाही?

ती लगबगीनं पातेल्याकडे गेली. आलं, जिरं, चिमूटभर हिंग घातलेला गार मठ्ठा तिनं वाटीत काठोकाठ ओतला.

हणमंत पंगतीच्या दुसऱ्या टोकाला होता. त्यानं आईच्या हातातली वाटी पाहिली.

"आये! नको!"

तो धावला. पंगत लगेच लांबली. पानांमागून पानं, पानांमागून पानं, ओळखीची माणसं मागं पडली आणि अनोळखी माणसं जेवायला बसलेली दिसू लागली. आई दूर दूर जात ठिपक्याएवढी झाली. आपण थांबलं पाहिजे, रमतगमत गेलं पाहिजे, हे त्याला कळत होतं. पण समोर आई असताना पाय ऐकेनात. शेवटी त्यानं दातओठ खाऊन पाय आवरले. हात पाठीमागे बांधले. चेहऱ्यावर हसू आणलं.

"पोटभर जेवा हं," तो एकाला म्हणाला. "सावकाश होऊ द्या," दुसऱ्याला म्हणाला. पंगत सैल पडली, आखडली, ओळखीची माणसं परत आली आणि तो चालत चालत पाटाशी पोचला.

"घ्या पाव्हणं, हलकं वाटंल," हौसाबाई म्हणत होती.

वाऱ्यानं वाटी खाली ठेवली. ती रिकामी होती. त्यानं मिशा पुसल्या आणि डोळे मिटले.

"माऊली," तो म्हणाला, "आज पोट भरलं."

त्याची छाती वर येऊ लागली.

हणमंतानं त्याच्या तोंडावर झडप घातली. उजवा हात पोचायच्या आत आईनं मनगटाला धरला.

"पाव्हण्याच्या तोंडावर हात? लाज वाटत न्हाई?"

म्हणून डावा पोचला. पांढरा तळवा वाऱ्याच्या नाकातोंडावर घट्ट बसला. बोटांच्या फटीतून काही जातंय की नाही हे हणमंताला कळेना, कारण त्या हाताला काहीच कळत नव्हतं. त्यानं पत्रावळींकडे पाहिलं. शेवटच्या पत्रावळीची कड उचलली गेली. मग तिच्या शेजारची. तोरणाची आंब्याची पानं एकेक करून आतल्या बाजूला वळली.

"भटजी, किती ऱ्हायलाय?"

"नखभर," भटजी म्हणाले.

माळावर लटकलेले जवान हळूहळू गावाकडे सरकू लागले होते. गुरव काहीतरी ओरडत होता. गौरीहरापाशी बसलेली वैजू उठून बाहेर आली. मुंडावळ्या बाजूला सारून तिनं भावाचा हात पाहिला, वाऱ्याची छाती पाहिली, आणि तिला सांगावं लागलं नाही.

"अंतरपाट आणा," ती म्हणाली. "हितं न्हाई. दाराला धरा."

दोघा मामांनी अंतरपाट मांडवाच्या दारात ताणून धरला. नवरा मुलगा खालच्या काठाला लटकला. पंगत उठून उभी राहिली. सवयीनं सगळ्यांच्या मुठीत अक्षता आल्या होत्या आणि त्या टाकायला भटजींच्या शेवटच्या शब्दाची वाट बघत माणसं श्वास धरून होती. भटजी सूर्याची वाट बघत होते. सूर्य नखभरच होता.

गोरजाची वेळ झाली. वरच्या पायवाटेनं कळप घरी यायचा आवाज आला.

हौसाबाईनं हणमंताचं मनगट सोडलं.

"कुणाची रं ही शेरडं?" तिनं विचारलं. "आपल्या दारात?"

अंतरपाट मधोमध आत फुगला, आणि कुंकवाच्या स्वस्तिकाच्या जरा खाली, पलीकडून, शेळीच्या नाकाएवढा ओला डाग उमटला.